राहीबाईचे उपास

राहीबाई लग्न होऊन सासरी आली तेव्हा तिच्या अंगापिंडाचं कौतुक झालं होतं. संगमनेरकडच्या त्या कोरडवाहू गावात विहिरीवरून दोन हंडे एका दमात आणणारी सून कुणाला नको असते? "पोरगी दणकट हाय," असं तिची सासू गोजराबाई चारचौघींत मान वर करून सांगायची. पुढं नऊ वर्षं गेली, पाळणा काही हलला नाही, आणि त्याच अंगाला तीच सासू नावं ठेवायला लागली. "नुसतं मांस चढतंय," ती शेजारणींना सांगायची. "कूस कुठून उजवायची?"

राहीचा नवरा बन्सी वेल्डर होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तो एका ठेकेदाराबरोबर तिकडं गेला आणि पासष्ट साली त्यानं बायकोला आणि आईला जवळच्या पाम गावी आणलं. चंद्रकांता नावाच्या बाईच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. चंद्रकांताचा नवरा होडीवर जायचा, ती अंगणात मासळी वाळवायची. गोजराबाईला तो वास सोसायचा नाही. ती नाकाला पदर लावून बसायची. राहीला मात्र चंद्रकांता पहिल्या दिवसापासून आवडली, कारण तिनं "पोरं किती?" हा प्रश्न विचारला नव्हता.

सहासष्टच्या दिवाळीनंतर बन्सीनं एक दिवसाची सुट्टी काढून राहीला पालघरला एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर किलो. त्यांनी फार काही तपासलं नाही. कागदावर आकडा लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली आणि बन्सीकडं बघून म्हणाले, "मूल हवंय ना? मग आधी हे कमी करा. निदान पंधरा किलो. त्याआधी माझ्याकडे औषध मागायला येऊ नका."

"कमी कसं करायचं, डागदरसाहेब?" राहीनं विचारलं.

"तोंड बंद ठेवायचं."

डॉक्टर हसले. त्यांच्या मागून बन्सीही हसला. राहीनं पदर सावरला आणि खाली बघितलं. परतीच्या वाटेवर एसटीत ती डॉक्टरांचं बोलणं मनात घोळवत राहिली. नऊ वर्षं नवस, अंगारे, झाडपाला सगळं झालं होतं, पण नक्की काय करायचं हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं. आणि ते तिच्या हातातलं होतं. पाम येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

जेवण सोडायचं तर घरात सांगायचं काय? तिनं उपासांचा आधार घेतला. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, शनिवार आला, मग चतुर्थी आणि एकादशी. उपासाला ती साबुदाणा करायची नाही, शेंगदाणा तोंडात टाकायची नाही. बिनसाखरेचा कोरा चहा, बस्स. बाकीच्या दिवशी दुपारी अर्धी भाकरी आणि मिरचीचा खर्डा. रेशनवर तेव्हा तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला चव नसायची, त्यामुळं अर्धी पुरे झाली म्हटलं तरी कुणाला नवल वाटायचं नाही. गोजराबाई तर खूश होती. सून देवाचं करायला लागली होती.

वजन करायचं कुठं, हा दुसरा प्रश्न. तो चंद्रकांतानं सोडवला. गावात कमलाकांताची भातगिरणी होती आणि तिथं पोती तोलायचा लोखंडी काटा होता. दुपारी गिरणी जेवणासाठी बंद असायची. कमलाकांताची बायको चंद्रकांताच्या नात्यातली. ती मागचं दार उघडायची. भुशानं माखलेल्या त्या फळीवर राही चप्पल काढून उभी राहायची आणि चंद्रकांता दांडीवरचं वजन सरकवायची.

पंधरा दिवसांनी काटा त्र्याहत्तरवर आला.

"पाच किलो गेलं, बाय!" चंद्रकांता ओरडलीच. राहीनं दोन्ही हात तोंडावर धरले. चोळी सैल झालीच होती, आता काट्यानंही साक्ष दिली. घरी येताना तिच्या पायांत बळ नव्हतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, तरी ती मनात हिशेब मांडत होती. पंधरा दिवसांना पाच, म्हणजे दीड महिन्यात पंधरा. संक्रांतीच्या आत होऊन जाईल.

डिसेंबर सरता सरता काटा सत्तरवर आला आणि तिथंच बसला.

पुढच्या आठवड्यात सत्तर. त्याच्या पुढच्या आठवड्यात सत्तर. राहीनं अर्ध्या भाकरीची चतकोर केली. तरी सत्तर. संक्रांतीला तिनं तीळगूळ हातात घेतला आणि पदराला बांधून ठेवला, मुंग्या लागल्या तेव्हा फेकून दिला. तरीही सत्तर. एकदा तर चंद्रकांतानं वजन सरकवलं आणि ते सत्तरच्या पुढं अर्धा किलो गेलं. राही खाली उतरली, पुन्हा चढली. काटा तेच सांगत होता.

"काटा बिघडला असंल," राही म्हणाली.

चंद्रकांता स्वतः चढली. तिचं वजन मागच्या महिन्याइतकंच भरलं.

माघ लागताना गोजराबाई पुतणीच्या लग्नासाठी गावी गेली आणि तिकडंच राहिली. बन्सीला कामावर दोन-दोन पाळ्या पडत होत्या. घरात बघणारं कुणी उरलं नाही, तशी राहीनं उरलीसुरली भाकरीही सोडली. दिवसाला दोन कप चहा, संध्याकाळी एक वाटी ताक. बन्सीचा डबा करताना फोडणीचा वास आला की तिच्या पोटात पीळ पडायचा. ती तोंड फिरवून थुंकायची आणि पुन्हा परतायला लागायची. पुढं तर वासाचंही काही वाटेनासं झालं. भूक मेली, पण डोक्यात चोवीस तास अन्नच. माहेरी आई करायची ते शेंगोळे, जत्रेतली शेव, लहानपणी खाल्लेली एक ओली खारीक. काम करता करता ती थांबायची आणि त्या खारकेचाच विचार करत उभी राहायची.

फाल्गुनात तारापूरच्या त्या दमट किनाऱ्यावर माणसं घामानं निथळायला लागतात. राहीला थंडी वाजायची. भर दुपारी ती गोधडी लपेटून चंद्रकांताच्या अंगणात उन्हात बसायची आणि तरी तिची बोटं गार असायची. केस विंचरले की फणीत मूठभर यायचे. हंडा उचलून दोन पावलं टाकली की छातीत धडधडायचं आणि बसलं की उठवत नव्हतं. एरवी सकाळी उठून सगळं अंगण सारवून काढणारी बाई, आता दोन भांडी घासायला तिला अर्धा तास लागायचा.

"आता पुरं कर," चंद्रकांता म्हणाली. "मासळी वाळते ना, तशी नाय वाळत तू. तू नुसती विझत चाललीस."

"पंधरा व्हायची हायेत. आठच झालीत."

त्याच महिन्यात ती बन्सीबरोबर पुन्हा पालघरला गेली. राहीनं गिरणीतल्या काट्याचे आकडे सांगितले, डॉक्टरांनी वजन बघितलं. "साडेचार महिन्यांत आठ किलो? आणि गेल्या तीन महिन्यांत काहीच नाही?"

"मी जेवतच न्हाई, साहेब. दोन कप चहा घेते, वाटीभर ताक."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघा, बाई, हवेवर कुणाचं वजन टिकत नसतं. चोरून खाता, आणि वर मला सांगता. शरीर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

राहीनं बन्सीकडं बघितलं. बन्सीनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. चंद्रकांताकडं जेवतीस का?"

बन्सी मनानं वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. पण त्या दिवशी त्यानं हात उगारला असता तर बरं झालं असतं, असं राहीला वाटलं. सगळ्या जगात आपण उपाशी आहोत हे फक्त आपल्याला ठाऊक आहे, आणि आपलं अंगसुद्धा आपल्याविरुद्ध साक्ष देतंय. ती एसटी स्टँडकडं चालायला लागली.

पाडव्याला गोजराबाई गावाहून परत आली. सणाचा दिवस, पुरणपोळी झाली. सासूनं आग्रहानं राहीच्या ताटात दोन पोळ्या वाढल्या, वर तूप ओतलं. "सणाला उपास न्हाई चालत," ती म्हणाली. राहीनं पहिला घास घेतला आणि मग तिचा हात थांबेना. दोन्ही पोळ्या ती न चावता गिळल्यासारखी खाऊन मोकळी झाली. पाचव्या मिनिटाला ती मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

गोजराबाई दारात उभी होती. तिचा चेहरा बदलत गेला.

"राहे, तू बाजूला कधी बसली व्हतीस?"

राही भिंतीला टेकली. तिला उत्तर ठाऊक होतं, पण ते उच्चारायचं धाडस तिला आजवर झालं नव्हतं. पौष सरताना ती शेवटची बाजूला बसली होती. माघ गेला, फाल्गुन गेला. रोज सकाळी उठल्यावर ती स्वतःला सांगायची की आज होईल. आणि रोज रात्री झोपताना पोटावर हात ठेवायची.

"पुसात, आत्याबाई."

गोजराबाईनं बोटं मोजली. मग तिनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. "उपास फळले गं बाई," म्हणत ती रडायला लागली. बन्सी कामावरून आला तेव्हा त्याच्या हातावर आईनं गूळ ठेवला. तो राहीकडं बघून कसनुसा हसला. पालघरच्या रस्त्यावरचं बोलणं त्याला आठवलं असावं.

मग तीन आठवडे राहीनं सुख भोगलं. गोजराबाईनं तिला चुलीपुढून उठवलं. सकाळी दूध, दुपारी वरणभात, मागेल ते. पोटाला अन्न सोसायचं नाही, अर्धं ओकून पडायचं, पण तेही लक्षणच धरलं गेलं. उरलेलं अंगी लागायला लागलं ते असं की चंद्रकांताला भीती वाटली. गालावर सूज, पावलांवर बोट दाबलं तर खळगा, आणि पोट पुढं. गोजराबाई ते पोट बघून दृष्ट काढायची.

चंद्रकांतानंच सुचवलं की बोईसरच्या माईंना दाखवून ये. माई म्हणजे निवृत्त झालेली नर्स. साठीच्या घरातली, एकटी राहायची. आजूबाजूच्या दहा गावांतल्या बायका बाळंतपणाला तिच्याकडं धाव घ्यायच्या. चंद्रकांता आणि गोजराबाई दोघी राहीबरोबर गेल्या.

माईंनी त्या दोघींना बाहेर बसवलं. राहीला आडवं करून पोट चाचपलं, हात धुऊन आतून तपासलं. मग तिचं मनगट धरून घड्याळाकडं बघत बसल्या. पुष्कळ वेळ. त्यांनी तिचे केस बोटात धरून हलके ओढले, ते निघून हातात आले.

"राही, किती दिवस उपाशी आहेस?"

"आता जेवते मी."

"त्याआधी. सगळं सांग. काय खायचीस, किती खायचीस."

राहीनं सांगितलं. कोरा चहा, चतकोर भाकरी, ताकाची वाटी. काट्यावरचं सत्तर. सांगताना ती माईंच्या चेहऱ्याकडं बघत होती, त्यावर हसू कधी येतंय याची वाट बघत. ते आलं नाही. "आणि वजन उतरायचं थांबलं," माईच म्हणाल्या. "थंडी वाजायला लागली. चालवत नव्हतं. हो ना?"

"तुमाला कसं कळलं?"

"मी तरुणपणी बंगालच्या दुष्काळात छावणीवर होते, पोरी. तिथं हजारो बाया बघितल्या." माई खाटेवर तिच्याजवळ बसल्या. "तू मुद्दाम उपाशी राहिलीस हे तुझ्या अंगाला कसं कळणार? त्याला वाटलं, दुष्काळ पडला. मग ते सांभाळून राहायला लागतं. नाडी हळू करतं, अंग गार ठेवतं, केसांना पोसत नाही, तुला हलू देत नाही. जे थोडं पोटात पडतं त्यावरच भागवायला शिकतं. म्हणून तुझं वजन अडलं. तू चोरून खात नव्हतीस. मला ठाऊक आहे."

राहीला रडू फुटलं. साडेपाच महिन्यांत तिच्यावर पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला होता. माईंनी तिला रडू दिलं, कारण पुढचं सांगायचं राहिलं होतं.

"आणि दुष्काळात अंग आणखी एक गोष्ट बंद करतं. स्वतःलाच पुरत नाही तर दुसऱ्या जिवाला कुठून पोसणार? छावणीतल्या बायांची पाळी महिनोन् महिने यायची नाही. तुझी तशीच गेलीय. पोटात काही नाही, राही."

राहीनं पोटावर हात ठेवला. "पण पोट वाढलंय."

"अन्नानं वाढलंय. उपाशी अंग पहिल्यांदा मिळेल ते साठवतं आणि पाणी धरतं. परत दुष्काळ येईल, ही धास्ती असते त्याला."

"म्हंजी मी... ज्यासाठी केलं..."

माईंनी तिचा हात घट्ट धरला. "मूल न होण्याला वजन कारण होतं की आणखी काही, हे सांगणं अवघड आहे. तुझ्या नवऱ्याला कधी तपासलंय?"

राहीला तो प्रश्न ऐकूच आला नाही.

बाहेर गोजराबाईला सांगितलं तेव्हा ती उठून चालायला लागली. घरी आल्यावर मात्र तिनं तोंड सोडलं. "मला नादी लावलंस. पोटुशी असल्याचं सोंग करून दूधतूप ओरपलंस. गावाला कळवून बसले मी. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" बन्सी उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होता. राहीला वाटलं, तो आता काहीतरी म्हणेल. तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवसापासून राहीनं पुन्हा अन्न सोडलं. या वेळी वजनासाठी नव्हे, पोरासाठी नव्हे. काट्याकडं ती गेलीही नाही. घास तोंडाशी नेला की तिला सासूचे शब्द आठवायचे आणि हात खाली यायचा. पाचव्या दिवशी सकाळी ती विहिरीवर पाणी शेंदताना कोसळली. रहाटाला हात अडकला म्हणून आत गेली नाही, इतकंच. चंद्रकांतानं आणि दोन बायकांनी तिला उचलून घरी आणलं. हंडा विहिरीत गेला.

बोईसरहून माई बैलगाडीत बसून आल्या. त्यांनी चंद्रकांताला तांदळाची पातळ पेज करायला लावली आणि चमच्या-चमच्यानं स्वतः पाजली. एकदम पोटभर द्यायचं नाही, त्यानंही माणूस दगावतं, असं त्यांनी बन्सीला बजावलं. मग त्या गोजराबाईकडं वळल्या.

"तुमच्या सुनेनं सोंग केलं नाही, बाई. तिच्या अंगानं तुम्हाला दोघींना फसवलं. आणि हे अंग असं केलं कुणी, ते तुम्ही मनाशी विचारा."

"डागदरानं सांगितलं व्हतं उपाशी ऱ्हायला. मी न्हाई सांगितलं," गोजराबाई म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पंधरा दिवसांत ती गावी निघून गेली आणि परत पामला आली नाही.

राहीला उठून बसायला महिना लागला. पेजेवरून मऊ भात, भातावर वरण, मग चंद्रकांतानं आणलेल्या मांदेळीचं कालवण. संगमनेरकडच्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्राची मासळी खाल्ली आणि तिला ती आवडली. वजन चढत गेलं. श्रावणात काटा अठ्ठ्याहत्तरला आला, पितृपक्षात ब्याऐंशीला. गिरणीपाशी बायका हसायच्या, "सगळे उपास व्याजासकट वसूल झाले गं!" राही मान खाली घालून निघून जायची. माईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, घाबरायचं नाही, जेवण सोडायचं नाही, अंगाचा विश्वास परत यायला वेळ लागतो. तरीही आंघोळीच्या वेळी स्वतःच्या दंडाकडं बघून तिला हुंदका यायचा. एवढं सोसून हाती आलं काय, तर चार किलो जास्त.

कार्तिकात एके दिवशी सकाळी ती परसात गेली आणि तिथंच खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. चंद्रकांता हातातली मासळी टाकून धावली. तिला वाटलं, गावाहून कुणी गेल्याची तार आली.

"काय झालं, बाय?"

"मी बाजूला बसले," राही रडत रडत म्हणाली. दहा महिन्यांनी.

नऊ वर्षं ज्या दिवसाला ती शिव्या देत आली होती, त्याच दिवसामुळं तिला त्या सकाळी हुंदके आवरेनासे झाले. चंद्रकांता तिच्या शेजारी मातीत बसून राहिली. शिवायचं नसतं हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मूल झालं नाही. अडुसष्ट साली गोजराबाईचं पत्र आलं की बन्सीसाठी एक मुलगी बघून ठेवली आहे, चैत्रात ये. पत्र बन्सीनं स्वतः मोठ्यानं वाचलं, राहीसमोर. मग पोस्टकार्ड आणून उत्तर लिहिलं आणि तेही वाचून दाखवलं. "रजा नाही. येणार नाही." एवढंच. माईंनी त्याला दोनदा निरोप पाठवला होता की मुंबईला जाऊन स्वतःची तपासणी करून घे. तिकडंही तो गेला नाही. रजा मिळाली असती तर चैत्रात गेला असता का, हे राहीनं त्याला कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची ताकद अजून अंगात आली नव्हती.

केंद्र सुरू झालं, ठेकेदाराचं काम आटोपलं, तरी ती दोघं पामलाच राहिली. राही चंद्रकांताबरोबर बाजारात मासळी घेऊन बसायला लागली. डोक्यावरचे केस विरळ ते विरळच राहिले आणि चैत्र-वैशाखातही ती अंगावर पातळशी शाल घेऊन बसायची. सोमवारी, एकादशीला, चतुर्थीला शेजारणी उपास धरायच्या. राही भात खायची. "देवाला काय वाटंल गं?" असं एकीनं विचारलं, तर राही म्हणाली, "माझं देऊन झालंय," आणि टोपलीतली बोयटं नीट लावायला लागली.